तुमचा आकडा नऊनं भागला, सर!

मागच्या अंकात पानाच्या शेवटी चार ओळींची जागा उरली होती म्हणून मी एक आठ अंकी आकडा दिला होता, आणि लिहिलं होतं की ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ नं आणि स्वतःनं सोडून दुसऱ्या कशानंच पूर्ण भाग जात नाही, आणि खरी गंमत पुढंच आहे, शेवटचा अंक बोटानं झाकला तर उरलेली संख्या पण मूळच, अजून एक झाकला तरी मूळच, असं करत करत एकच अंक उरेपर्यंत. एवढ्याशा चौकटीवर इतके मेसेज येतील असं वाटलं नव्हतं, तेही कापूस वेचणीच्या दिवसात. निम्म्या लोकांची तक्रार एकच होती, म्हणून तीच आधी घेतो.

प्रश्न : सर, तुमी मांगच्या अंकात जो आकडा देला, ७३९३९१३१, तो मी वहीत भागून पाह्यला. माई पिठाची चक्की हाय, लाईट गेली का दोन दोन घंटे बसूनच राहा लागते. आकडा नऊनं सरळ भागल्या गेला, बाकी शून्य. मंग हे मूळ संख्या कशी? चुकलं कोन, मी का तुमी?
— चक्कीवाले, दर्यापूर तालुका

उत्तर : भाऊ, तुम्ही नाही, मीच चुकलो. माझ्या हस्ताक्षरात घाईत लिहिलेला ३ हा १ सारखा दिसतो, तीस वर्षं फळ्यावर पोट्टे हेच ओरडायचे, आणि टाईप करणाऱ्याला मी उगाच बोललो, नंतर माझाच कागद पाहिला तर खरंच १ दिसत होता. बरोबर आकडा ७३९३९१३३ आहे. शेवटी तेहतीस. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.

तुमचा भागाकार एकदम बरोबर आहे, ७३९३९१३१ भागिले ९ म्हणजे ८२१५४५९. आणि खरं तर तुम्हाला भागायचीही गरज नव्हती, नुसती अंकांची बेरीज करायची, ७ + ३ + ९ + ३ + ९ + १ + ३ + १ = ३६, छत्तीस नऊच्या पाढ्यात आहे म्हणजे आकडाही आहे. हे का चालतं ते शाळेत कोणी सांगत नाही, मीही पहिली काही वर्षं सांगितलं नव्हतं. दहाची नोट नऊ जणांत वाटली तर प्रत्येकाला एक रुपया आणि उरतो एक. शंभराची वाटली तरी शेवटी उरतो एकच, हजाराची तरी एकच. म्हणजे दशकात ३ असेल तर तिथून ३ उरणार, हजारात ९ असेल तर ९ उरणार, आणि सगळं उरलेलं गोळा केलं की ती अंकांचीच बेरीज. तीनलाही हाच नियम.

आता यात एक गोष्ट मला स्वतःला तुमच्या मेसेजमुळे नीट दिसली. शेवटी १ असणं शक्यच नव्हतं, हे मला भागाकार न करता, नुसतं बघून कळायला पाहिजे होतं. कसं ते पहा. सुरुवात ७ पासून, सातला तीननं भागलं की बाकी १. मागे ३ किंवा ९ लावला तर तीनच्या हिशोबात काही फरक पडत नाही, बाकी १ च राहते. पण १ किंवा ७ लावला की बाकी एकनं वाढून २ होते. आणि एकदा बाकी २ झाली की परत कधीच १ किंवा ७ लावता येत नाही, कारण २ आणि १ तीन, आकडा तीनच्या पाढ्यात जाऊन पडतो. म्हणजे ७ नंतर १ किंवा ७ हे एकदाच वापरायचं तिकीट आहे, कंडक्टरनं पंच केलं की संपलं.

आपला आकडा आता परत वाचा, ७, मग ३ ९ ३ ९, मग १, मग ३ ३. सहाव्या जागेवर तिकीट वापरून झालं. त्यानंतर मरेपर्यंत फक्त ३ आणि ९. मी छापलेला शेवटचा १ म्हणजे पंच केलेल्या तिकिटावर परत बसमध्ये चढणं झालं, आणि तुम्ही चेकर निघालात.

झाकत जायची पूर्ण रांग एकदा देऊन टाकतो, म्हणजे परत घोळ नको : ७३९३९१३३, ७३९३९१३, ७३९३९१, ७३९३९, ७३९३, ७३९, ७३, ७. आठही मूळ.

प्रश्न : नमस्कार सर. माझा मुलगा दहावीला आहे, तो म्हणतो मोबाईलवर टाकलं की एका सेकंदात सांगतं मूळ आहे का नाही. पण मला हातानं कसं तपासायचं ते पाहिजे, मोबाईलवर माझा भरवसा नाही आणि त्याच्यावर तर त्याहून नाही.
— अंगणवाडी सेविका, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, तुमचा स्वभाव गणिताला एकदम योग्य आहे. हातानं होतं, फक्त वेळ लागतो.

लहान आकड्यापासून सुरू करा. ७३९ घ्या. हिला कुठपर्यंतच्या संख्यांनी भागून पाहायचं? ७३८ पर्यंत नाही. भाजक नेहमी जोडीनं येतात बैलासारखे, आणि जोडीतला एक तरी लहान असतोच. २७ गुणिले २७ म्हणजे ७२९, आणि २८ गुणिले २८ म्हणजे ७८४, जे ७३९ च्या पुढं गेलं, म्हणून जोडीतला लहान बैल २७ च्या वर असूच शकत नाही. आणि त्यातही फक्त मूळ संख्यांनी भागायचं, कारण सहानं भाग जाणार असेल तर दोननं आधीच गेला असता. म्हणजे २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, बस. २ आणि ५ तर शेवटचा ९ बघूनच गेले, अंकांची बेरीज १९ म्हणून ३ गेला. ७ नं बाकी ४ उरते, ११ नं २, १३ नं ११, १७ नं ८, १९ नं १७, २३ नं ३. शून्य कुठंच नाही, म्हणजे ७३९ मूळ. चहा गाळून होईपर्यंत होतं एवढं.

आता आठ अंकी. ८५९९ चा वर्ग ७३९४२८०१ येतो, आपल्या आकड्याच्या किंचित पुढं, म्हणून ८५९८ पर्यंतच्या मूळ संख्या बघाव्या लागतील. त्या हजाराच्या थोड्या वर आहेत (हजारावी मूळ संख्या ७९१९ आहे). रोज वीस भागाकार केले तर पन्नासच्या वर दिवस लागतात, एक पीक निघत नाही पण मेथी-सांबार नक्की निघतो तेवढ्यात.

थोडा शॉर्टकट सांगतो, मला फार आवडतो. ७ × ११ × १३ = १००१. म्हणून आकड्याचे मागून तीन तीनचे गट पाडायचे, १३३, ९३९, ७३. पहिला आणि तिसरा मिळवायचा, २०६. दुसऱ्यातून वजा करायचा, ९३९ − २०६ = ७३३. आता या ७३३ ला ७ नं बाकी ५, ११ नं ७, १३ नं ५. एकही शून्य नाही म्हणजे मोठा आकडाही या तिघांनी भागला जात नाही. एका वजाबाकीत तीन भागाकार वाचले, राहिले हजार.

आणि हसू नका, हे असं हातानं करणारे लोक खरंच झाले आहेत. याकोब कुलिक नावाचे प्रागचे एक प्राध्यापक होते, त्यांनी दहा कोटीपर्यंतच्या आकड्यांचे सगळ्यात लहान भाजक हातानं लिहून काढले, फक्त २, ३ आणि ५ नं जाणारे सोडले. वीसेक वर्षं हेच चालू होतं. १८६३ मध्ये ते वारले, हस्तलिखिताचे आठ खंड व्हिएन्नाच्या अकादमीत गेले आणि त्यातला दुसरा खंड हरवला तो हरवलाच. नंतर लोकांनी तपासलं तर चुकाही पुष्कळ निघाल्या. आपला आकडा सात कोटी एकोणचाळीस लाखाचा, म्हणजे त्यांच्या हद्दीतलाच. माझ्या एका १ वर एवढे मेसेज आले तर त्या माणसाचं काय झालं असतं.

प्रश्न : तुम्ही लिहिलं होतं की अशी झाकत जायची ही सगळ्यात मोठी संख्या आहे, याच्या पुढं नाहीच. हे कसं काय ठामपणे सांगता येतं? संख्या तर संपतच नाहीत. नववा अंक लावून कोणी पाहिला का?
— एक शिक्षिका, मंगरूळपीर

उत्तर : मॅडम, हा प्रश्न यायलाच पाहिजे होता. मूळ संख्या कधीच संपत नाहीत हे युक्लिडनं दोन हजार वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेवलं आहे, मग ही साखळी आठ अंकातच का थांबते?

इथं उलट्या बाजूनं जायचं. झाकायचं नाही, वाढवायचं. जात पडताळणीच्या फॉर्मसाठी आपण वंशावळ काढतो ना, पणजोबापासून खाली, अगदी तशी. मूळपुरुष फक्त चार, २, ३, ५ आणि ७, कारण एक अंकी मूळ संख्या एवढ्याच. आता प्रत्येकाच्या मागे एक अंक लावायचा, आणि लावायला फक्त १, ३, ७, ९ चालतात, सम अंक लावला तर दोननं भाग जातो, ५ लावला तर पाचनं, ० लावला तर दोन्हीनं. जो आकडा मूळ निघाला तो वंशात राहिला, बाकीचे खोडून टाकायचे. अशी आपल्या अटीत बसणारी कुठलीही संख्या या झाडात सापडलीच पाहिजे, कारण तिचे बाप-आजे सगळे मूळ असायची अटच आहे. म्हणून हे झाड जिथं वाळलं तिथं विषय संपला, शोधायला दुसरीकडं कुठं जायचं कामच नाही.

दुसऱ्या पिढीत नऊ जण येतात : २३, २९, ३१, ३७, ५३, ५९, ७१, ७३, ७९. तिसरीत १४. चौथीत १६, हा भरभराटीचा काळ. मग पाचवीत १५, सहावीत १२, सातवीत ८, आठवीत ५. नववीत शून्य. सगळे मिळून ८३, जगात एवढेच. पहिल्या तीन पिढ्या सातवी-आठवीच्या पोरांकडून फळ्यावर करून घ्या, एका तासिकेत होतात, आणि पाढे नाही आले तरी भागाकाराची भीती जाते.

आपल्या घराण्याची गोष्ट मात्र बघण्यासारखी आहे. ७३ ला दोन मुलं, ७३३ आणि ७३९ (७३१ म्हणजे १७ × ४३ आणि ७३७ म्हणजे ११ × ६७, ते गळाले). ७३९ ला एकुलता एक, ७३९३, कारण ७३९१ ला १९ नं भाग जातो, ७३९७ ला १३ नं आणि ७३९९ ला ७ नं. ७३९३ लाही एकच, ७३९३९. दोन पिढ्या दिवा कसाबसा तेवत राहिला. आणि मग या ७३९३९ च्या घरी एकदम चारही मुलं जगली, ७३९३९१, ७३९३९३, ७३९३९७, ७३९३९९, चारही मूळ! पुऱ्या झाडात त्या पिढीतले बारा जण, त्यातले चार एका घरचे. पण पुढं बघा, ७३९३९७ आणि ७३९३९९ निपुत्रिक, ७३९३९३ ला दोन पोरं पण दोघांचंही पुढं काही नाही, आणि ७३९३९१ ला एकच पोरगा, ७३९३९१३, त्याला परत एकच, तो आपला ७३९३९१३३.

शेवटच्या पिढीतले पाच म्हणजे २३३९९३३९, २९३९९९९९, ३७३३७९९९, ५९३९३३३९ आणि ७३९३९१३३. वर चक्कीवाल्या भाऊंना तिकिटाचं सांगितलं ते इथं लावून पाहा. २ आणि ५ च्या घराण्याला तर जन्मतःच तिकीट नाही, कारण त्यांची बाकी आधीच २, म्हणून त्यांच्यात पहिल्या अंकानंतर नुसते ३ आणि ९ दिसतात. ३ च्या घराण्याची बाकी शून्य, त्यांना पहिलाच अंक १ किंवा ७ घ्यावा लागतो आणि नंतर अजून एकदा मिळतो, ३७३३७९९९ मध्ये दोन ७ आहेत ते त्यामुळं. आठव्या पिढीपर्यंत पाचही घरांची तिकिटं संपलेली होती. म्हणजे नववा अंक लावायचा तर प्रत्येकाकडं दोनच पर्याय, ३ किंवा ९, एकूण दहा उमेदवार.

आणि मोठ्या आकड्यात मूळ संख्या विरळ होत जातात हे तर आहेच. शंभरच्या आत २५, म्हणजे चारात एक. दहा कोटीच्या आत ५७,६१,४५५, म्हणजे साधारण सतरात एक. गाउस पंधरा-सोळा वर्षांचा पोट्टा असताना याद्या बघत बसायचा तेव्हा त्याला हा विरळ होण्याचा हिशोब दिसला होता, पक्की सिद्धता व्हायला १८९६ उजाडलं. नऊ अंकांच्या त्या भागात वीसात एक पडते. आपले उमेदवार २, ३, ५ नं भागले जात नाहीत म्हणून त्यांचे चान्स जरा बरे, पाच-साडेपाचात एक म्हणा. म्हणजे दहा उमेदवारांत दोन तरी निवडून यायला हवे होते असा अंदाज निघतो. दहाच्या दहा पडले, डिपॉझिट गेलं सगळ्यांचं. त्यामुळं नवव्यातच संपलं यात थोडा नशिबाचा भाग पण आहे, दोन-चार पिढ्या अजून चाललं असतं तरी कोणाला नवल वाटलं नसतं, पण कधी ना कधी बंद पडणार होतंच.

प्रश्न : सर मी डाव्या बाजूने झाकून पाहिलं तर जमत नाही. असं का? (इयत्ता नववी)

उत्तर : बेटा, बरोबर पाहिलंस, शेवटी १३३ उरतात आणि १३३ म्हणजे ७ × १९. त्याच्या पुढं ३३, तो तर अकरा त्रिक. हा आकडा एकाच बाजूनं सोलायचा आहे, उसासारखा दोन्हीकडून नाही.

डावीकडून सोलायचे वेगळे असतात आणि ते फार लांब जातात, सगळ्यात मोठा २४ अंकी आहे, ३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७, आणि असे एकूण ४२६०. का एवढा फरक? विचार कर, डावीकडं अंक लावताना शेवटचा अंक बदलतच नाही, त्यामुळं सम-विषमची भीती नाही आणि १ ते ९ सगळे नऊ अंक लावून बघता येतात. उजवीकडं आपल्याला चारच, आणि तिकीट संपल्यावर दोनच.

दोन्हीकडून सोलता येणारेही आहेत, पण फक्त १५, आणि त्यातला सगळ्यात मोठा ७३९३९७. वर वाचलंस का हा कुठं आला ते? ७३९३९ च्या चार मुलांतला तिसरा, निपुत्रिक म्हणून मी ज्याला एका शब्दात उडवून लावलं तो. डावीकडून ३९३९७, ९३९७, ३९७, ९७, ७. सगळे मूळ. घरात ज्याला पोरबाळ नाही तोच कधी कधी सगळ्यात नाव काढतो.

प्रश्न : हा नंबर लकी आहे का? नवीन गाडी घेतली, नंबर घ्यायचा विचार आहे.
— वाशिम जिल्हा

उत्तर : दादा, गाडीवर चारच अंक बसतात. लकीचं मला कळत नाही, पण ७३९३ घेतला तर तोही सोलत जाता येतो, आणि तुमचं वाशिमचं एमएच ३७, ते पण तसंच, ३७ मग ३. चार अंकी असे फक्त १६ नंबर आहेत, मिळाला तर घ्या, यवतमाळवाले एमएच २९ घेऊन आधीच रांगेत उभे असतील. जास्तीचे पैसे भरून मात्र घेऊ नका.

प्रश्न : राग मानू नका पण याचा उपयोग काय? पोरांना बँकेचं व्याज काढता येत नाही आणि तुम्ही आकडे सोलत बसलात.
— निवृत्त तलाठी

उत्तर : साहेब, राग कशाचा. या आकड्याचा उपयोग काहीच नाही. मोठ्या मूळ संख्यांचा आहे. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर चालणारं एक कुलूप काढलं, गुणाकार सोपा पण त्यावरून परत दोन संख्या काढणं महाकठीण, आणि त्या प्रकारची कुलपं इंटरनेटवर आजही आहेत. तिथं लागणाऱ्या मूळ संख्या प्रत्येकी तीनशेहून जास्त अंकांच्या असतात, आपला आठ अंकी तिथं दाराबाहेर चपला सांभाळायला पण चालणार नाही.

आणि तुमच्या बाजूनं अजून एक मुद्दा मीच देतो. हा सोलण्याचा गुण त्या संख्येचा नाहीच म्हणा, आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचा आहे. आपल्याला दहा बोटं म्हणून आपण दहाच्या पटीत लिहितो. आठ बोटं असती तर ७३ हा आकडा १११ असा लिहिला असता, चौसष्ट अधिक आठ अधिक एक. त्याचा शेवटचा अंक झाकला तर उरतात ११, म्हणजे आठ अधिक एक, नऊ, आणि नऊ काही मूळ नाही. वंश दुसऱ्याच पायरीवर तुटला. ७३ मूळ आहे हे मात्र कुठल्याही पद्धतीत लिहा, चिंचोके मांडा, बदलत नाही. मूळपणा संख्येचा, सोलणं आपलं.

तरी मी सोलत बसतो. नाशिककडं देवळालीला कापरेकर गुरुजी होते, शाळामास्तर, त्यांनी जन्मभर असेच अंक उलटेपालटे करून पाहिले आणि ६१७४ ला त्यांचं नाव लागलं, जगभर लागलं. व्याजाचं म्हणाल तर ते मी पोरांना शिकवलं, तीस वर्षं शिकवलं, आणि त्यातल्या निम्म्यांना आज सावकाराचं व्याज बरोबर काढता येतं, फेडता येत नाही, तो प्रश्न गणिताचा नाही.

प्रश्न : १ ला मूळ का नाही म्हणत? त्यालाही दुसऱ्या कशानं भाग जात नाही.
— बरेच जण

उत्तर : पूर्वी काही लोक म्हणायचे. लेहमर नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं १९१४ मध्ये एक कोटीच्या थोडं पुढपर्यंतच्या मूळ संख्यांची जाडजूड यादी छापली, ती १ पासूनच सुरू होते. पण १ ला मूळ धरलं तर १२ चे मूळ तुकडे २ × २ × ३ असे एकाच प्रकारे पडतात हे सांगता येत नाही, कितीही १ घुसवता येतात, म्हणून त्याला बाहेर बसवलं. आत घेतलं असतं तर आपलं झाड मोठं झालं असतं आणि पहिला मान १९७९३३९३३९ ला गेला असता. दहा अंकी, बरोबर मोबाईल नंबराएवढा. यातही तिकीट बघा, १ नं सुरुवात, मग एकच ७, नंतर सगळे ३ आणि ९.

जाता जाता. हे सगळं लिहून झाल्यावर मी दर्यापूरच्या चक्कीवाल्या भाऊंना फोन करून बरोबर आकडा सांगितला आणि माफी मागितली. चार दिवसांनी त्यांचाच फोन आला. म्हणे सर, तुमी म्हनता नववा अंक लागत नाई, तं मी लावून पाह्यला. १ आणि ७ तं तीननं गेले, तिकीट नाई त्यायच्याकडं. ३ लावला, ७३९३९१३३३, त्याले १२७ नं भाग जाते, ५८२१९७९ येते. मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, बरोबर आहे, एकशे सत्तावीसनं. आता राहिला ९ वाला, ७३९३९१३३९. तो तुटतो हे मला ठाऊक आहे, पण कशानं तुटतो ते मी त्यांना सांगितलेलं नाही आणि त्यांनीही विचारू नका म्हणून बजावलं आहे. काल रात्री ते ३०७ पर्यंत पोचले होते, मग लाईट आली आणि दळण सुरू झालं.